हजेरी

हजेरी हा शब्द आमच्या गावात दोन ठिकाणी नेमाने उच्चारला जातो, एक शाळेच्या वर्गात आणि दुसरे मजुरीच्या कामावर. दोन्ही ठिकाणी ज्याची हजेरी लागली त्याचे असणे दप्तरी मान्य झाले, आणि ज्याची लागली नाही तो त्या दिवसापुरता नव्हताच, असा या शब्दाचा निष्ठुर परंतु सरळ व्यवहार आहे. मुलींच्या खेळाच्या मैदानाकडे पाहताना मात्र हा शब्द माझ्या मनात निराळ्याच रोखाने येतो. कारण खेळणाऱ्या मुलींची हजेरी तेथे क्रीडाशिक्षकाच्या वहीत चोख लागलेली असते, पण त्यांना पाहावयास कोण आले आणि कोण आले नाही याची नोंद ठेवण्याचा शिरस्ता कोणत्याही कचेरीत नाही, आणि म्हणूनच कदाचित, न येणाऱ्यांना आपण गैरहजर होतो याची जाणीवही कधी होत नाही.

मी हे रामाकोन्यात बसून लिहितो आहे. नागपुराहून छिंदवाड्यास जाणाऱ्या लोहमार्गावरचे, संत्र्यांच्या बागा आणि कपाशीची शेते यांच्या मधले हे गाव. २०१५ सालापर्यंत अरुंद रुळांवरून संथपणे येणारी गाडी हेच आमचे जगाशी दळणवळण होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि आमच्या अर्जा-दरखास्तांची वाट नागपूरऐवजी भोपाळकडे वळली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून वेगळा जिल्हा झाला. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी अशा दुहेरी वहिवाटीत ज्यांच्या पिढ्या वाढल्या त्या आम्हां सीमेवरच्या माणसांना, आपण आहोत परंतु कोणी आपल्याकडे पाहत नाही, या अनुभवाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच रिकाम्या मैदानावर खेळणाऱ्या मुलींविषयी आमच्या मनात तरी इतरांपेक्षा अधिक कळवळा असावा, अशी माझी अपेक्षा आहे.

आमच्या मुलुखाला गर्दी करता येत नाही असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या दोन्ही काठांवर जो अफाट जनसमुदाय लोटतो, तो गोटमारीसाठी. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव असे पक्ष उभे राहतात, आणि झेंडा हस्तगत करण्यासाठी जी दगडफेक होते तिच्यात दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी जिवानिशीही गेली आहेत. या प्रथेच्या बुडाशी जी दंतकथा सांगतात ती एका मुलीची आहे. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडू लागला, ती दोघे पाण्याच्या मध्यावर असताना दोन्ही काठांवरून दगड सुरू झाले आणि त्यांना पैलतीर गाठता आला नाही, अशी ती कथा. नदीच्या मध्यावर अडकलेल्या, जिचे नावसुद्धा कोणाला ठाऊक नाही अशा एका मुलीच्या स्मरणार्थ जेथे पिढ्यान् पिढ्या माणसे लोटतात, त्याच मुलुखात ज्यांची नावे पटावर लिहिलेली आहेत अशा जिवंत मुली शुभ्र फक्कीने आखलेल्या मैदानावर उभ्या असतात तेव्हा काठ मोकळे का राहतात, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे छळत आला आहे.

आमच्याकडे मुलींचा खेळ म्हणजे प्रामुख्याने कबड्डी आणि खो-खो. बास्केटबॉलचे पक्के मैदान नागपूर-छिंदवाड्यासारख्या शहरांतून आढळावयाचे. कबड्डीविषयी मला विशेष ममत्व आहे, आणि त्याचे कारण केवळ ती आपल्या मातीतली आहे इतकेच नाही. चढाईस गेलेल्या खेळाडूने ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार पंचाच्या कानी स्पष्ट पडेल अशा रीतीने, न खंडता करीत राहिले पाहिजे, असा या खेळाचा कायदा आहे. म्हणजे, जिला लहानपणापासून चारचौघांत आवाज चढवू नये अशी शिकवण मिळाली, त्या मुलीने सर्वांदेखत, एका दमात, मोठ्याने बोलत राहणे हीच येथे खेळाची अट होऊन बसते. ती गप्प झाली की बाद. प्रतिपक्षाच्या सात जणींच्या कोंडाळ्यात एकटीने शिरून, एकीला स्पर्श करून, दम न सोडता मध्यरेषेकडे परतणारी मुलगी पाहणे हा एक विलक्षण अनुभव आहे, आणि तो घेण्यासाठी मैदानाच्या कडेला बहुधा दोन शिक्षक, पाण्याची घागर सांभाळणारा शिपाई, राखीव खेळाडू आणि सायकल टेकवून उभी असलेली चार-पाच पोरे एवढाच परिवार हजर असतो. मग त्या मुलीचा तो अखंड उच्चार शाळेच्या भिंतीवर आपटून तिच्याच कानांशी परत येतो.

लोक येत नाहीत, कारण मुलींच्या खेळात लोकांना गोडी नाही, असे उत्तर फार सहजतेने दिले जाते. हे उत्तर इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. बास्केटबॉलचेच उदाहरण घ्यावे. १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ निर्माण केला, आणि पुढल्याच वर्षी जवळच्या स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकविला. २२ मार्च १८९३ रोजी तेथे दोन वर्गांत सामना झाला तेव्हा पुरुषांना प्रवेश नव्हता. ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांच्या मुलींत सामना होऊन स्टॅनफर्डने तो २ विरुद्ध १ अशा गुणांनी जिंकला, तोही केवळ स्त्री-प्रेक्षकांसमोर. हे बंद दार अपमानासाठी घातलेले नव्हते. त्या काळी पुरुषाच्या ज्या नजरेची भीती वाटत होती तिच्यापासून मुलींना वाचविण्याचा तो बंदोबस्त होता. परंतु त्या बंदोबस्तामुळे एक गोष्ट झाली. मुलींचा खेळ हा खाजगी प्रकार आहे, तो गावाचा नव्हे, ही समजूत खेळाच्या जन्मापासूनच त्याला चिकटली.

इंग्लंडातील हकिगत याहून कठोर आहे. पहिल्या महायुद्धात कारखान्यांत कामाला लागलेल्या मुलींनी फुटबॉलचे संघ उभारले, आणि २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर या कारखान्याच्या मुलींचा सामना पाहण्यास ५३ हजार माणसे जमली. लोकांना गोडी नाही, असे त्या दिवशी कोणाला म्हणता आले असते? परंतु पुरते वर्षही उलटण्यापूर्वी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांस योग्य नाही असा निर्वाळा देऊन आपल्या अखत्यारीतील सर्व मैदाने त्यांना बंद केली, आणि ते फर्मान पुढे सुमारे अर्धशतक अमलात राहिले. पन्नास वर्षे मैदानच नाही, तेव्हा प्रेक्षक कोठून राहणार? आणि पन्नास वर्षांनी दार उघडल्यावर, पाहा, कोणी येत नाही, असे म्हणावयास तीच मंडळी मोकळी. आपल्याकडेही, १९७६ साली पाटण्यास शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी वेस्ट इंडिजविरुद्ध आपला पहिला कसोटी विजय मिळविला. मात्र १९७७ नंतर थेट १९८४ पर्यंत त्यांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. पाहण्याची सवय ही शेतीसारखी आहे. सात वर्षे जमीन पडीक ठेवली तर आठव्या वर्षी नुसते बियाणे टाकून पीक उभे राहत नाही.

हीच गोष्ट उलट दिशेने सिद्ध करणारा एक मुलूख जगात आहे, आणि तो आमच्या मुलुखासारखा आहे म्हणून मला त्याचे फार अगत्य वाटते. अमेरिकेतील आयोवा हा मक्याचा प्रांत. आमचा छिंदवाडाही मक्यासाठी प्रसिद्ध. तेथे १९२० पासून शाळकरी मुलींच्या बास्केटबॉलची प्रांतिक स्पर्धा भरू लागली. पाच वर्षांनी शाळांच्या सर्वसाधारण संघटनेने मुलींच्या स्पर्धांचे अंग काढून घेतले, तेव्हा लहान लहान गावांतल्या शिक्षकांनी १९२५ साली मुलींसाठी स्वतंत्र संघटना स्थापून ती स्पर्धा जगविली. सहा-सहा जणींचा, अर्धे मैदान वाटून खेळावयाचा तो निराळा प्रकार १९९३ पर्यंत चालला. १९६८ सालच्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन आणि एव्हर्ली या दोन खेडवळ शाळा समोरासमोर आल्या, जादा वेळ द्यावा लागला, आणि ११३ विरुद्ध १०७ असा त्याचा निकाल लागला. खेड्यांतल्या मुलींना पाहण्यासाठी राजधानीतले विशाल सभागृह भरून गेले होते. त्याच आयोवात १५ ऑक्टोबर २०२३ रोजी विद्यापीठातील मुलींचा बास्केटबॉलचा सामना मोकळ्या फुटबॉल मैदानावर ठेवला, तेव्हा ५५,६४६ माणसे आली. पुढल्या वर्षीची महाविद्यालयीन मुलींची अंतिम लढत दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांची संख्या मुलांच्या अंतिम लढतीपेक्षा अधिक भरली, आणि असे पहिल्यांदाच घडले. याचे श्रेय केटलिन क्लार्क या असामान्य खेळाडूला देण्याची रीत आहे, आणि तिच्या गुणांविषयी मला काडीचीही शंका नाही. तरीपण तिच्या जन्माआधी सत्तर-ऐंशी वर्षे ज्या शेतकऱ्यांनी आपल्या गावच्या मुलींसाठी हिवाळ्यातल्या रात्री गाड्या जोडल्या, त्यांची हजेरीही त्या ५५ हजारांत धरली पाहिजे, असे मला वाटते.

आपल्या नाट्यशास्त्रात प्रेक्षकाचा विचार फार सूक्ष्मतेने झालेला आहे. प्रयोगाच्या सिद्धीचे दैवी आणि मानुषी असे दोन प्रकार भरताने सांगितले, आणि मानुषी सिद्धीची जी लक्षणे दिली ती सारी प्रेक्षकाच्या अंगावर दिसणारी आहेत: स्मित, हास्य, साधुवाद, रोमांच, आसनावरून उठणे. म्हणजे प्रयोग सिद्धीस गेला की नाही हे रंगमंचावर ठरत नाही, समोर बसलेल्यांच्या ठायी ठरते. आणि प्रेक्षकासाठी साहित्यशास्त्रात जो दुसरा शब्द रूढ झाला तो तर अधिकच अर्थपूर्ण आहे: सामाजिक. जो समाजात येऊन बसला, ज्याचे पाहणे एकट्याचे राहिले नाही, तो सामाजिक. सामन्याच्या दिवशीचे वातावरण म्हणून आपण ज्याचे वर्णन करतो, तो ढोल, त्या आरोळ्या, पकड होताक्षणी उठणारा तो एकच हुंकार, ते सारे या सामाजिकतेचेच रूप आहे. त्याला बाहेरून आणलेल्या ध्वनिक्षेपकाची वा झगमगाटाची जरूर नाही. जमलेल्या माणसांनी एकाच क्षणी एकाच मुलीसाठी श्वास रोखला पाहिजे, इतकेच.

येथे एक भेद केला पाहिजे. मराठीत प्रेक्षक आणि बघे हे दोन शब्द आहेत, आणि त्यांचे अंतर मोठे आहे. सायकल टेकवून उभी असलेली ती पोरे बहुधा बघे असतात. त्यांची नजर खेळावर नसते, आणि त्या नजरेपायीच कित्येक बाप आपल्या मुलीचे नाव संघातून काढून घेतात. सेंडा बेरेन्सन यांच्या बंद दरवाजाचे कारण आजही आमच्या मैदानाच्या कडेला उभे आहे. परंतु बघ्यांवरचा उपाय दार लावणे हा नसून प्रेक्षक वाढविणे हा आहे, हे मी अनुभवाने सांगतो. जेथे खेळाडूंच्या आया, मावश्या, आजोबा, दुकानदार, पंच-सरपंच अशी वीस-पंचवीस माणसे ठाण मांडून बसतात, तेथे पोरांची नजर आपोआप मैदानाकडे वळते, आणि दुसऱ्या सत्रात तीच पोरे गुण मोजू लागतात. चढाई, पकड, लोण यांचा हिशेब ज्याला कळू लागला आणि मुलीचे नाव ज्याला ठाऊक झाले, तो बघा राहत नाही.

मग आया आणि मावश्या का येत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर गोडीत नाही, घड्याळात आहे. मी पाहिलेले सामने बहुतेक सकाळी अकराच्या सुमारास, कामाच्या वारी, आणि पुष्कळदा कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत भरविलेले होते. त्या वेळी आमच्या गावातली बाई ओटीत कापूस भरीत शेतात वाकलेली असते. सावलीत बसण्यासाठी सतरंजी नाही, स्त्रियांसाठी आडोसा नाही, आणि सामना आहे याची दवंडी तर नाहीच. पुरुषांचे सामने मात्र रात्री दिव्यांच्या उजेडात, जेवणे आटोपल्यावर, इनामाची रक्कम फलकावर लिहून होतात. ही वेळ कोणी द्वेषाने ठरविलेली नाही. तालुक्याच्या पत्रकात तारीख येते, शिक्षक ती पाळतात, दुपारी बस परत न्यावयाची असते. तथापि ज्या वेळी कोणीही येऊ शकत नाही ती वेळ मुलींना द्यावयाची आणि मग रिकाम्या काठांवरून त्यांच्या खेळाची किंमत करावयाची, हा न्याय नव्हे.

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी नेपाळवर ७८ विरुद्ध ४० असा विजय मिळविला, आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या गावातही मध्यरात्री फटाके वाजले. तो आनंद खरा होता, आणि मीही त्यात सामील होतो. परंतु पडद्यावरच्या मुलीसाठी उठणारा आवाज आणि चारशे पावलांवरच्या मैदानात खेळणाऱ्या मुलीसाठी उठणारा आवाज यांत फरक आहे; पहिला तिला ऐकू जात नाही.

त्यानंतर काही दिवसांनीच एका दुपारी मी मुलींचा सामना पाहत बसलो होतो. चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्याने चाललेली एक म्हातारी कुंपणापाशी थबकली. एक सडपातळ मुलगी चढाईस गेली होती, तिचा दम तुटत आला होता, आणि तीन जणींनी तिला घेरले होते. म्हातारीने मला विचारले, “कोनाची पोट्टी होय वो थे?” मी नाव सांगितले. तिने त्या मुलीच्या आजोळचे नाव घेतले, म्हणजे ओळख पटली. मग भारा खाली उतरविला, पदराने तोंड पुसले, आणि कुंपणाचा खांब धरून ती उभी राहिली. मुलगी त्या घेऱ्यातून मध्यरेषेला बोट लावून निसटली तेव्हा म्हातारीच्या तोंडून जो उद्गार निघाला तो मैदानावरच्या सगळ्या मुलींनी वळून पाहावा इतका मोठा होता. सामना संपेपर्यंत ती हलली नाही. मग मी आणि तिथल्या एका शिक्षकाने मिळून भारा तिच्या डोक्यावर दिला, तेव्हा तिने त्यांना विचारले की आता पुन्हा कधी आहे. शिक्षक क्षणभर घोटाळले, आणि पत्रक आणण्यासाठी कचेरीच्या खोलीकडे गेले. म्हातारी तो भारा डोक्यावर घेऊन उन्हात वाट पाहत उभी राहिली.