स्वागत आणि स्तुति

गावांत काव्यमंडळ काढावें आणि त्याचें दार सर्वांस मोकळें असावें, याविषयीं आमचें दुमत नाहीं. प्रश्न पुढचा आहे: आलेल्याच्या सदोष कवितेसही 'वाहवा' म्हणावें काय? पुण्यांत १९२३ सालीं माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे प्रभृतींचें रविकिरण मंडळ निघालें. १९२५ सालीं अत्र्यांच्या 'झेंडूचीं फुलें'नें त्या काळच्या कवींच्या लकबींची जाहीर थट्टा केली. (आम्हीही ती वाचून पोटभर हंसलों.) असले दोष स्नेह्याच्या तोंडून बैठकींतच ऐकूं आलेले बरे. खोटी वाहवा नवख्यास कायमचा पाहुणाच ठेवते. भाजी अळणी झाल्याचें आपण घरच्यांसच सांगतों. मात्र आधीं कविता शेवटपर्यंत ऐकावी, साधलेली ओळ दाखवावी, मग लंगडा चरण. आणि पहिल्याच बैठकींत मंडळ काढणारानें स्वतःची कविता टीकेस ठेवावी.