अंत्युखियाची पंगत

(शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र, अध्याय २, वचनें ११ ते १४)



शुभवर्तमान समजणें ही एक गोष्ट आणि तें समजल्याप्रमाणें चालणें ही दुसरी. पहिली साधली कीं दुसरी आपोआप साधते, असें पुष्कळांस वाटतें. परंतु वरील शास्त्रपाठ वाचल्यावर ही समजूत टिकत नाहीं. तेथें जो अडखळला तो कोणी नवखा विश्वासणारा नव्हता, तर प्रेषितांमधील अग्रणी पेत्र होता; आणि तो अडखळला तो उपासनेच्या वेळीं नव्हे, तर जेवणाच्या वेळीं.

प्रथम तें स्थळ पाहूं. सूरिया देशांतील अंत्युखिया हें नगर ओरंटीस नदीच्या कांठीं वसलेलें होतें. रोमी साम्राज्यांत रोम व आलेक्सांद्रिया यांच्या खालोखाल त्याची गणना होई. आज तें तुर्कस्तानांत असून त्यास अंताक्या म्हणतात. येशूच्या शिष्यांस ख्रिस्ती हें नांव पहिल्यानें तेथेंच मिळालें. प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायाच्या आरंभीं त्या मंडळीच्या संदेष्ट्यांचीं व शिक्षकांचीं पांच नांवें दिलीं आहेत. बर्णबा हा कुप्र बेटांतला लेवी. शिमोन यास निग्र, म्हणजे काळा, असें म्हणत. लूक्य हा आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कुरेनेचा. मनाएन हा हेरोदाबरोबर वाढलेला. आणि पांचवा शौल, पूर्वींचा कट्टर परूशी. राजघराण्याच्या सहवासांत वाढलेला एक आणि रंगावरून ओळखला जाणारा दुसरा, असे दोघे त्या मंडळींत शेजारीं बसून प्रार्थना करीत.

अशा मंडळींत सर्वांनीं एकत्र जेवावें यांत नवल तें काय, असें आपण म्हणूं. पण तें नवलच होतें. लेवीय या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायांत कोणतें मांस शुद्ध व कोणतें अशुद्ध हें सांगितलें आहे; आणि आपला सोंवळेपणा राखण्यासाठीं पुष्कळ यहूदी परराष्ट्रीयांच्या घरीं जात नसत व त्यांच्या पंक्तीस बसत नसत. पेत्र याच वळणांत वाढला होता, म्हणून देवानें त्यास निराळा धडा दिला. यापो येथें तो समुद्रकांठीं शिमोन नांवाच्या मनुष्याच्या घरीं उतरला होता. हा शिमोन कातडीं कमावीत असे. आपल्या मराठी शास्त्रांत त्याला चांभार म्हटलें आहे. मेलेल्या जनावरांशीं संबंध येणारा तो धंदा यहूद्यांत हलका गणला जाई. त्याच घराच्या धाब्यावर पेत्राला दृष्टांत झाला. चार कोंपऱ्यांनीं खालीं सोडलेली मोठी चादर, तींत नाना प्रकारचे प्राणी, आणि तीन वेळां ऐकूं आलेली वाणी! ज्याला देवानें आपलेंसें केलें त्याचा विटाळ मनुष्यानें मानूं नये, हा तिचा आशय. इतक्यांत कैसरियाहून कर्नेल्य शताधिपतीचीं माणसें दारांत आलीं. पेत्रानें त्यांस घरांत घेतलें, दुसऱ्या दिवशीं तो त्यांच्याबरोबर गेला, आणि परराष्ट्रीयांवरहि पवित्र आत्मा उतरलेला त्यानें डोळ्यांनीं पाहिला. तो अशांबरोबर जेवला म्हणून यरुशलेमेंत त्याला दोष देण्यांत आला, तेव्हांहि तो डगमगला नाहीं.

तर मग पेत्राला शुभवर्तमान समजलें नव्हतें काय? पुरतें समजलें होतें. तरी अंत्युखियांत काय झालें तें पाहा. आरंभीं तो सर्वांबरोबर जेवत असे. पुढें याकोबाकडून कांहीं माणसें आलीं, आणि तो मागें सरूं लागला. त्याचें मत बदललें नव्हतें. तो आपल्या लोकांस भ्याला होता. त्याचें पाहून इतर यहूदी विश्वासणारेहि सरले आणि शेवटीं बर्णबासुद्धां त्यांच्याबरोबर वाहवला. हा तोच बर्णबा, ज्यानें आपलें शेत विकून सर्व पैसा प्रेषितांच्या चरणीं ठेवला होता. शेत सोडणें त्याला जमलें. त्या दिवशीं लोकलाज सोडणें जमलें नाहीं.

पौलानें पेत्राला सर्वांच्या देखत दोष लाविला. पाठीमागें कुजबुज केली नाहीं, तट पाडला नाहीं. दोष उघड होता म्हणून तो उघड बोलला. आणि त्यानें काय म्हटलें, इकडे लक्ष द्यावें. पाहुणचारांत उणें पडलें किंवा रीतभात चुकली, असें तो म्हणत नाहीं. शुभवर्तमानाच्या सत्यालाच धरून यांचें पाऊल सरळ पडत नाहीं, असा त्याचा आरोप आहे. एका पंक्तीचा व शुभवर्तमानाच्या सत्याचा इतका संबंध कसा? तो असा. मनुष्य आपल्या कुळानें किंवा कर्मानें देवापुढें नीतिमान ठरत नाहीं, तर ख्रिस्तावरील विश्वासानें ठरतो, हा आपल्या तारणाचा पाया आहे. ख्रिस्ताचें रक्त त्या परराष्ट्रीय भावास देवाजवळ नेण्यास पुरेसें झालें. आतां पेत्र जर त्याच्यापासून दूर बसूं लागला, तर त्याच्या बसण्याचा अर्थ काय झाला? देवाच्या मेजाजवळ येण्यास ख्रिस्त पुरे, पण माझ्या ताटाजवळ येण्यास पुरा नाहीं! तोंडानें पेत्र तारण सांगत होता आणि पाटानें तें खोडून काढीत होता. उपदेश थोडे लोक ऐकतात. कोण कोठें बसला हें सगळें गांव पाहतें.

बंधूंनो, हा प्रसंग आपल्या अगदीं घरचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचें काम मुंबईस १८१३ सालीं व अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें १८३१ सालीं सुरू झालें. पुढें त्या भागांतील खेड्यापाड्यांतून महार व मांग या दोन्ही समाजांतील पुष्कळ कुटुंबें प्रभूकडे आलीं. कांहीं इतर जातींतूनहि आलीं. वरच्या म्हणविणाऱ्यांनीं ज्यांस शतकानुशतकें दूर बसविलें, ते प्रभूच्या मेजाभोंवतीं एक झाले, ही देवाची मोठी करणी. पण जुना पाण्याचा व पंक्तीचा भेद आपल्याहि गांठोड्यांत येऊन राहिला, आणि आजहि कित्येक ठिकाणीं तो पुरता गेलेला नाहीं. ज्याला दुसऱ्यानें दूर लोटलें त्यानें तिसऱ्यास दूर लोटावें, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

जगानें या बाबतींत आपल्यापुढें पावलें टाकलीं आहेत. १९२७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या लोकांसह पाणी पिऊन माणुसकीचा हक्क सांगितला. १९५० सालीं अंमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नाहींशी केली. कायदा तळें मोकळें करूं शकतो, विहीर मोकळी करूं शकतो. परंतु चुलीपर्यंत व लग्नाच्या बोलण्यापर्यंत त्याचा हात पोंचत नाहीं. तेथें पोंचण्याचें काम शुभवर्तमानाचें आहे.

आणि तें पोंचतें, याची साक्ष आपल्याच मराठी मंडळींत आहे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोंवळ्याच्या कडक वळणांत वाढलेल्या. त्यांनीं त्यानंतरहि आपलें खाणेंपिणें निराळें राखलें. पुढें जातिभेद हा देवाचा नसून मनुष्याचा आहे, असें त्यांच्या मनानें घेतलें आणि त्यांनीं तो सोडला. बाप्तिस्मा त्यांनीं त्यानंतर, १९०० सालीं, घेतला. ही हकीकत त्यांनीं स्मृतिचित्रें या पुस्तकांत स्वतः सांगितली आहे. त्यांनीं आधीं भेद सोडला व मग पाणी घेतलें. आपल्यापैकीं कोणी आधीं पाणी घेतलें असेल आणि भेद अजून धरला असेल, तर त्यानें विचार करावा.

कोणी म्हणतील, ही केवळ सामाजिक चाल आहे, धर्माशीं तिचा संबंध नाहीं. पेत्रालाहि त्या दिवशीं असेंच वाटलें असेल. पौलानें तें चालूं दिलें नाहीं. दुसरे म्हणतील, दुर्बळ भावास अडखळण होऊं नये म्हणून आपला हक्क सोडावा, असें पौलानेंच करिंथकरांस शिकविलें आहे. खरें आहे. परंतु भावासाठीं अन्न सोडणें ही प्रीति. अन्नासाठीं भाऊ सोडणें ही प्रीति नव्हे.

तर मग घरोघरीं काय करावें? उपदेशकांनो, आपण ज्या वस्तीवर प्रार्थनेस जातां तेथें सर्वांत दुर्लक्षिलेल्या घरीं पाणी मागून प्या. तो अर्धा उपदेश होईल. घरधन्यांनो, परगांवचे भाऊबंद लग्नास येतील तोच तुमच्या परीक्षेचा दिवस. रोज ज्या भावाबरोबर भाकरी खातां त्याला त्या दिवशीं मागल्या पंक्तीस बसवूं नका. याकोबाकडील माणसें प्रत्येकाच्या दारीं येतात. फक्त त्यांचीं नांवें निराळीं असतात. आईबापांनो, मुलामुलींचें लग्न जुळवितांना विश्वास, शील व कष्टाळूपणा पाहा; हीं तिन्ही असतां केवळ जुन्या जातीवरून स्थळ नाकारूं नका. आणि मंडळीच्या पंचांनो, असा दोष दिसला तर पौलाप्रमाणें तोंडासमोर बोला, पण ज्याच्याशीं बोलतां तो भाऊ आहे हें विसरूं नका. पेत्राच्या नांवाच्या दुसऱ्या पत्रांत पौलाचा उल्लेख प्रेमानें आला आहे. खऱ्या बोलानें बंधुत्व तुटत नाहीं.

येत्या प्रभुभोजनाच्या वेळीं भाकर मोडून हातीं येईल, तेव्हां ती एकाच भाकरीचा तुकडा आहे हें ध्यानांत आणा. उरलेले तुकडे कोणाकोणाच्या हातीं आहेत तें डोळे उघडून पाहा. ज्याच्याबरोबर ती भाकर खाल्ली, त्याच्याबरोबर घरची भाकर खाण्यास मन कचरत असेल, तर घरीं जाण्यापूर्वीं तें प्रभूपुढें मांडा आणि त्याच आठवड्यांत त्या भावाला जेवावयास बोलवा. जो प्रभु जकातदारांच्या व पापी लोकांच्या पंक्तीस बसला, तो आपणां सर्वांस हें करण्याचें धैर्य देवो. आमेन.