सुटलेल्या गावाचे नाव

इंग्रजांमध्ये 'नॅश' असे एक आडनाव आहे. त्यातला 'न' मूळचा त्या नावाचा नव्हे. 'ॲश' हे झाडाचे नाव. त्या झाडापाशी राहणाऱ्याला मध्ययुगीन इंग्रजीत 'ॲटन ॲश' म्हणत, म्हणजे ॲशपाशचा. बोलण्याच्या ओघात शेवटचा 'न' झाडाला चिकटला, पुढचे सगळे गळाले आणि नॅश उरला. ओकच्या झाडापाशी राहणारे असेच 'नोक्स' झाले. (आपल्या कोकणस्थ ओकांचा या झाडाशी काही संबंध नाही.) रानात झाडे तोडून मोकळ्या केलेल्या जागेला जुना शब्द होता 'लेआ', तिथे राहणारा तो ॲटली. १९४५ साली ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या क्लेमेंट ॲटलींच्या आडनावात एवढाच पत्ता आहे.

ही गावातल्या गावात चालणारी नावे. तीन जॉन असले की एक टेकडीवरचा, एक पुलाजवळचा, एक ओढ्याकाठचा: हिल, ब्रिजेस, ब्रुक. पण खुद्द गावाचेच नाव माणसाला चिकटते कसे, हा प्रश्न जरा वेगळा आहे. त्याचे उत्तर काळागणिक बदलत गेले.

सुरुवातीला त्यात मालकी होती. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांचे सरदार नावापुढे 'द' लावून आपले गाव सांगत: द पर्सी, द माँटगोमेरी, द मॉर्टिमर. १०८६ च्या डूम्सडे जमीनमोजणीत ही नावे ओळीने सापडतात. गावाचे नाव लावणे म्हणजे तिथली जमीन माझी, असे सांगणे. म्हणून जमीन बदलली की नावही बदले. बाराव्या शतकात डरहॅम भागातल्या विल्यम द हर्टबर्नने वॉशिंग्टन हे गाव घेतले आणि तो विल्यम द वॉशिंग्टन झाला. पुढे त्याच्या वंशजाच्या सन्मानार्थ अमेरिकेच्या राजधानीला नाव दिले गेले. गावाचे नाव माणसाने घेतले होते, ते सहाशे वर्षांनी पुन्हा एका गावाला मिळाले.

सामान्य माणसाकडे सांगायला जमीन नव्हती. त्याला गावाचे नाव मिळाले ते गाव सोडल्यामुळे, आणि तेही दुसऱ्यांनी दिले म्हणून. लिंकनमध्ये सगळेच लिंकनचे. तिथे एखाद्याला लिंकन म्हणून हाक मारली तर कोण वळून पाहणार? तो यॉर्कच्या बाजारात कामाला लागला की मात्र 'तो लिंकनचा' एवढे पुरते. चिपळूण सोडल्यावरच माणूस चिपळूणकर होतो, तसेच हे. अशा आडनावात माणसाचे मूळ दिसते, असे आपण धरून चालतो. खरे तर त्यात दिसते ते त्याचे निघून येणे. नॉर्मन सरदारांचेही वेगळे काय झाले? समुद्र ओलांडल्यावर पर्सी हे त्यांच्याही मागे राहिलेलेच गाव.

अशी नावे पुष्कळ काळ सैल होती; बापाचे एक, मुलाचे दुसरे. ती घट्ट झाली कागदामुळे. जमिनीचा वारसा लावायचा तर घराण्याला एक नाव हवे. १३७७, १३७९ आणि १३८१ साली माणशी कर बसवला गेला, तेव्हा याद्यांतही नावे उतरली. आपल्या आडनावात 'कर' शेवटी येतो. तिकडे करानेही आडनाव पक्के व्हायला हातभार लावला. साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्रज घराण्यांची आडनावे ठरून गेली. उत्तरेकडे थोडा उशीर लागला.

नाव थांबले, शब्द मात्र चालत राहिले. न्यूटन, मिल्टन, क्लिंटन यांच्या शेवटी जो 'टन' आहे, तो जुना 'टून', म्हणजे कुंपण घातलेली जागा. इंग्रजीत त्याचे आधी शेतघर झाले, मग खेडे, मग शहर: टाउन. जर्मन भाषेत तोच शब्द अजून कुंपणापाशीच आहे, डच भाषेत त्याची बाग झाली. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. संस्कृत 'वाट' म्हणजेही कुंपण, आवार. त्यातून आलेली आपली वाडी कुठे नारळीपोफळीची बाग असते, कुठे वस्ती.

शब्द पुढे गेल्यामुळे नावांचे अर्थ लावणे अवघड झाले. विल्यम कॅम्डेनने १६०५ साली आडनावांवर लिहिले. त्यानंतरही कित्येक पिढ्या लोक कानाला पटेल तो अर्थ लावत राहिले. १९२३ साली स्थापन झालेल्या इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीने शिस्त घालून दिली: आजचा उच्चार बाजूला ठेवा, सर्वांत जुने लिखाण शोधा. मग 'चर्चिल'सारख्या नावाचे कोडे उलगडले. दिसायला चर्च आणि टेकडी. पण या नावाच्या अनेक गावांत पहिला भाग जुन्या ब्रिटनवासीयांच्या भाषेतला 'क्रूग', म्हणजे टेकडीच, असे अभ्यासक मानतात. नव्याने आलेल्यांना ते विशेषनाम वाटले, म्हणून त्यांनी आपला 'हिल' जोडला. टेकडीटेकडी! चर्च मागाहून कानाने बांधले.

२००० साली हा शोध रक्तापर्यंत गेला. 'साइक्स' म्हणजे यॉर्कशायरकडचा बारीक ओहोळ. ओहोळ जागोजागी, तेव्हा साइक्स घराणीही अनेक मुळांची असणार, असा समज होता. आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी याच आडनावाचे पुरुष तपासले. जवळपास निम्म्यांच्या वाय गुणसूत्रावर एकच खूण निघाली. बहुधा एकाच ओहोळाकाठचा एकच माणूस त्यांचा पूर्वज होता, आणि त्याची लेकरे मात्र तो ओहोळ सोडून देशभर पांगली.

असेच एक घर आपल्याकडचे. प्रबोधनकारांच्या आत्मचरित्राप्रमाणे त्यांचे एक पूर्वज धोडप किल्ल्याचे किल्लेदार होते, म्हणून आडनाव धोडपकर. बिऱ्हाड पनवेलला आले आणि वडील पनवेलकर लावू लागले. मुलाला शाळेत घालताना त्यांनी घराण्याचे जुने नाव लिहिले: ठाकरे. करवसुलीच्या यादीचे काम इथे शाळेच्या दाखल्याने केले. पुढे प्रबोधनकारांनी, कलकत्त्यात जन्मलेला कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे आवडता म्हणून, इंग्रजी स्पेलिंग त्याचे घेतले, असे सांगतात. आणि थॅकरे हे आडनाव आले आहे यॉर्कशायरमधल्या एका जागेवरून. नॉर्स भाषेत तिचा अर्थ छपरासाठी गवत मिळणारा कोपरा. धोडप आणि पनवेल नावातून उतरवून ठेवलेल्या घराच्या इंग्रजी सहीत एक तिसरेच ठिकाण येऊन बसले.