फ्रिजवरचं खोकं

श्रावणातला सोमवार होता. दुपारी बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर पाठीवर भली मोठी पिशवी लावलेला एक मुलगा उभा. त्याने आडनाव विचारलं, मी "हो" म्हटलं. त्याने माझ्या हातावर एक लहानसं खोकं ठेवलं, मोबाइल पुढे करून बोटाने सही घेतली आणि तो भराभर जिना उतरून गेलाही. सगळं मिळून अर्धं मिनिट. खोकं साबणाच्या दोन वड्यांएवढं, वजनाला हलकं. माझ्या मुलाने काहीतरी मागवलं असेल असं धरून मी ते फ्रिजवर ठेवलं. माझा मुलगा कामासाठी बाहेरगावी गेला होता. तो बुधवारी संध्याकाळी आला, पाणी प्यायला फ्रिजपाशी गेला, खोकं उचलून दिव्याखाली धरलं आणि म्हणाला, "आई, हे आपलं नाही."

आडनाव आमचंच होतं. इमारतीचं नाव आमचंच, घराचा नंबरही आमचाच. नावाचं पहिलं अक्षर तेवढं वेगळं होतं आणि पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत गल्ली वेगळी होती. डोंबिवलीत राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. गुरुकृपा, साईदर्शन, शिवनेरी, ओंकार अशी नावं इथे गल्लोगल्ली आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावर दुसरं दार असलं की ते ३०२ हे ठरलेलंच.

लेबलवर फोन नंबर होता. मी लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तेव्हा मी म्हटलं, "उद्या सकाळी बघू." मुलगा चपला घालत म्हणाला, "दोन गल्ल्या तर आहेत. चल, आत्ताच देऊन येऊ."

दार एका आजींनी उघडलं. खोकं पाहताच त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि आत वळून मोठ्याने हाक मारली, "अहो, आलं! मशीन आलं तुमचं!" खुर्चीत बसलेले आजोबा तसेच समोर बघत राहिले. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. त्या खोक्यात त्यांचं दुरुस्तीला दिलेलं कानाचं यंत्र होतं. मी लावलेला फोन त्यांच्याच उशाशी वाजत होता, आणि आजी स्वयंपाकघरात होत्या.

आजोबांनी आमच्यासमोरच ते कानात बसवलं. खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस केव्हापासून वाजत होता. ते क्षणभर थांबले, मान वळवून खिडकीकडे बघितलं आणि म्हणाले, "चांगलाच लागलाय की."

दोन दिवस. सोमवारी दुपारपासून बुधवारी संध्याकाळपर्यंत ते यंत्र माझ्या फ्रिजवर होतं आणि इकडे एक माणूस बहिरा बसला होता. त्या दोन दिवसांत मी त्या खोक्याशेजारून किती वेळा गेले असेन! दूध काढताना, भाजी ठेवताना. एकदा तर धूळ पुसताना ते उचलून पुन्हा जागेवर ठेवलं होतं. नाव मात्र वाचलं नव्हतं.

पुढचं आजींनी सांगितलं, ते मला अधिक लागलं. सोमवारीच त्यांच्या फोनवर 'पार्सल पोहोचलं' असा निरोप आला होता. त्यांनी कुरिअरच्या कचेरीत तक्रार केली. मंगळवारी तो मुलगा त्यांच्या दाराशी आला आणि शपथेवर सांगू लागला की, आजी, मी ३०२ मध्येच दिलंय, सही आहे माझ्याकडे. आजोबांना त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, त्याचे हलणारे ओठ तेवढे दिसत होते. ते त्याच्यावर संतापले. "नको ते बोललो मी त्या पोराला," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज अजून चढलेलाच होता, कारण इतके दिवस स्वतःचाही आवाज त्यांना नीट ऐकू आला नव्हता.

घरी परतताना मला जुना एक शब्द आठवत होता, उपनिधी. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवींचा एक खास प्रकार सांगितला आहे. पेटीत किंवा पिशवीत बंद केलेली वस्तू, आत काय आहे ते न सांगता, दुसऱ्याच्या हाती दिली तर ती उपनिधी. घेणाऱ्याने ती जशी आली तशीच परत द्यायची. राजाने नेली, दैवी आपत्तीत गेली, चोरांनी पळवली तर घेणाऱ्यावर भरपाईचा बोजा नाही, इतका बारकावा तिथे आहे. मला त्यातलं 'न सांगता' फार मोलाचं वाटतं. आत सोनं आहे की चिंध्या, हे घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नाही. वस्तूच्या किमतीवर जबाबदारी ठरत नाही. मी मात्र खोकं हलकं आहे एवढ्यावरून ते बिनमहत्त्वाचं ठरवून टाकलं होतं.

आपल्याकडे चालणाऱ्या कायद्यानेही हीच गोष्ट वेगळ्या भाषेत सांगितली आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सत्तराव्या कलमाखाली एक उदाहरण आहे. एक व्यापारी चुकून दुसऱ्याच्या घरी माल ठेवून जातो, आणि तो घरमालक तो माल स्वतःचा समजून वापरतो. अशा वेळी त्याने व्यापाऱ्याला पैसे दिलेच पाहिजेत, असं कायदा म्हणतो. त्यापुढे बहात्तरावं कलम आहे: चुकीने हाती आलेली वस्तू परत केली पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी, आजच्यासारख्या कुरिअर कंपन्या इथे नसताना, कायदा लिहिणाऱ्याला चुकीच्या दारी गेलेला माल दिसत होता. आणि जाणूनबुजून, अप्रामाणिकपणे तो ठेवून घेणं हा गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात त्याला किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, शिवाय दंड सांगितला आहे. काही काळापुरताच अपहार केला तरी तो अपहारच, हेही तिथे स्पष्ट आहे. मात्र सांभाळण्यासाठी किंवा मालकाला पोचवण्यासाठी वस्तू ताब्यात घेणाऱ्याला कायदा दोषी धरत नाही. म्हणून 'नको ती भानगड' म्हणून दुसऱ्याचं खोकं जिन्यात टाकून देण्याचं कारण नाही. ते आत घ्यावं, कोरड्या जागी ठेवावं आणि लगेच पुढची हालचाल करावी.

ही हालचाल कशी करावी, याचा त्यानंतर मी बराच विचार केला आहे. पहिली गोष्ट, उघडू नये. आत काय आहे हे कळल्याशिवाय मालक कसा सापडेल, असं लोक म्हणतात. पण मालक लेबलवर सापडतो, आत नाही. नकळत उघडलं गेलंच, तर चिकटपट्टी लावून लपवू नये, "चुकून उघडलं, माफ करा," एवढं सांगावं. नंबर असेल तर फोन करावा, तो लागला नाही तर निरोप लिहून पाठवावा, आणि घर जवळ असेल तर उठून जावं. फोन न उचलणाऱ्याकडे न उचलण्याचं खरं कारण असू शकतं, हे मी त्या दिवशी शिकले. लेबलचा फोटो मात्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये. नाव, पत्ता, फोन, सगळं दीडशे लोकांच्या हाती जातं, आणि तिथून कुठे जाईल ते सांगता येत नाही. 'अमुक गल्लीतल्या ३०२ चं पार्सल आमच्याकडे आलं आहे' एवढं लिहिलं तरी पुरतं.

टपालाने आलेली वस्तू असेल तर काम सोपं आहे. 'या पत्त्यावर राहत नाहीत' असं पाकिटावर लिहून पोस्टमनला किंवा जवळच्या पोस्टात परत द्यावी. कुरिअर असेल तर खोक्यावर चिकटवलेल्या पावतीवरचा पार्सलचा नंबर सांगून कंपनीला कळवावं, त्यांनी माणूस पाठवला की तोच नंबर त्याच्याकडे आहे का ते बघून खोकं द्यावं, आणि देताना त्याचं नाव व वेळ टिपून ठेवावी.

सावधपणाही हवा, कारण चांगुलपणाचा गैरफायदा घेणारे आहेत. 'शेजारच्यांचं पार्सल आहे, ते घरी नाहीत, तुम्ही पैसे भरून घ्या' असं सांगून कुणी आलं, तर आधी शेजाऱ्यांना फोन करावा. त्यांनी होकार दिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. फोनवर आलेला ओटीपी दारातल्या अनोळखी माणसाला सांगू नये. आपल्याच नावाने, आपण न मागवलेलं काही आलं आणि आत 'हा क्यूआर कोड स्कॅन करा' अशी चिठ्ठी असली, तर स्कॅन करू नये. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावं. पण या फसवणुकींचा धसका घेऊन आलेलं प्रत्येक खोकं संशयाने लोटून देऊ नये. खरं चुकलेलं खोकं आपल्या दारी येतं तेव्हा त्याच्यापाठी कुणीतरी खरोखर वाट बघत असतं.

पत्त्यांचा हा गोंधळ एका मराठी माणसाने फार खोलवर पाहिला होता. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल व तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावं, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, चुकलेली स्पेलिंगं, यांतून पत्रांची होणारी भटकंती थांबावी म्हणून त्यांनी सहा आकड्यांचा पिनकोड योजला. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. आमच्या डोंबिवली पूर्वेचा ४२१२०१ घ्या. पहिला ४ पाहिला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा कळतो, आणि शेवटच्या तीन आकड्यांनी वाटप करणारं पोस्ट कळतं. एवढ्या मोठ्या देशातून पत्र अचूक एका पोस्टाच्या दारात येतं, हे काम केवढं मोठं! २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. त्यात साधारण चार मीटर लांब, चार मीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनाला स्वतःचा संकेत आहे. त्याने दोन गल्ल्यांतली चूक टळेल. पण एकाच चौकोनावर दुसरा मजला उभा असतो, तिसराही असतो. शेवटच्या पाच पावलांचं काम माणसालाच करावं लागणार: वर चढणाऱ्याला आणि दार उघडणाऱ्याला.

त्या शेवटच्या पावलांवर मी चुकले होते. कुरिअरच्या मुलाने आडनाव विचारलं, मी "हो" म्हटलं. चूक तिथेच झाली, आणि ती दोघांची होती. त्याच्या पाठीवर अजून कितीतरी खोकी होती. माझ्याकडे वेळच वेळ होता, तरी मी "पूर्ण नाव काय आहे?" एवढं विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी मी कुरिअरच्या कचेरीत फोन करून तक्रार मिटल्याचं सांगितलं. दुपारी तो मुलगा आमच्या इमारतीत दुसऱ्या कुणाचं पार्सल घेऊन आला, तेव्हा त्याला वर बोलावलं. म्हटलं, "अरे, सही माझी होती. चूक माझीही होती. तसं मी तुमच्या साहेबांना सांगितलंय." तो जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "काकू, ते पैसे माझ्या पगारातून जाणार होते. त्याहून वाईट म्हणजे, आई विचारत होती, तू खरंच नाही ना घेतलंस?"

मी त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन तो आजोबांकडे गेला, आपणहून. आजोबांनी त्याची माफी मागितली, असं आजी नंतर भाजीबाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या.

तुमच्या घरी फ्रिजवर, टीव्हीमागे, चपलांच्या कपाटावर असं एखादं खोकं पडलेलं असेल, तर आत्ता उठा आणि त्यावरचं नाव वाचा. जवळचं असेल तर आजच, दिवेलागणीच्या आत, नेऊन द्या. लांबचं असेल तर आजच फोन करा, आणि तो उचलला नाही तर पुन्हा करा.