सगळ्यांदेखत माप

सिल्वासाच्या आमली औद्योगिक वसाहतीत कामगारांची एक छोटी पतसंस्था होती. सुताच्या कारखान्यात पाळीवर जाणारे खानदेशातले तरुण, खानवेलकडच्या पाड्यांवरून येणारे वारली आणि कोकणा मजूर असे तिचे सभासद. पगार झाला की जो तो दोनशे-पाचशे भरायचा. आजारपण, लग्न, मुलांची फी अशा वेळी कर्ज मिळायचं आणि सावकाराच्या दारात जायची पाळी टळायची.

संस्थेचे सचिव सरळमार्गी. पै-पैचा हिशेब चोख. पण खातेवही कायम कपाटात कुलूपबंद. कोणी विचारलंच तर म्हणत, "माझ्यावर विश्वास नाही का?" विचारणाराच ओशाळायचा. वार्षिक सभेत चहा-बिस्किटं यायची आणि अहवाल न वाचताच 'मंजूर, मंजूर' व्हायचं.

एका पावसाळ्यात आवई उठली: सचिवांनी पुतण्याला मोठं कर्ज दिलंय, संस्था बुडणार. दुसऱ्या दिवशी भर पावसात दाराशी रांग लागली. ज्याला त्याला आपली ठेव आत्ताच्या आत्ता परत हवी होती. पण ठेवीची रक्कम कपाटात थोडीच पडून असते? ती सभासदांनाच कर्जाऊ दिलेली असते, हप्त्याहप्त्याने परत येते. तासाभरात पेटीतली रोकड संपली. "खाल्ले पैसे!" लोक ओरडू लागले. एक जण म्हणाला, "बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेत तोही नाही." हे खरंच होतं. सचिव शपथा घेत राहिले; कोणी ऐकेना.

तेवढ्यात रांगेतली एक वयस्कर वारली बाई पुढे आली. "भाऊ, आमच्या पाड्यावर खळ्यात भात सगळ्यांदेखत मोजतात. मोजणारा चोर असतो म्हणून नाही. उद्या त्याला कोणी चोर म्हणू नये म्हणून. तुमची वही बाहेर काढा."

सचिवांनी कुलूप उघडलं. एका कामगाराच्या शाळकरी मुलीने मोठ्याने वाचायला घेतलं. ठेवी १२ लाख. सभासदांकडे कर्ज ११ लाख. उरलेले १ लाख बँकेत. मग संचालकांची आणि त्यांच्या नातलगांची कर्जं. पुतण्याचं कर्ज निघालं ४० हजारांचं, हप्ते वेळच्या वेळी भरलेले. पुढच्याच ओळीत मात्र एका संचालकाचे तीन हप्ते थकलेले निघाले. भिडेपोटी सचिव गप्प राहिले होते. त्या संचालकाने मान खाली घातली आणि पुढच्या पगाराला थकबाकी फेडून टाकली.

रांग हळूहळू पांगली. त्या दिवशी संस्थेने नियम केला: दर महिन्याला ठेवी, कर्जं, थकबाकी आणि संचालकांनी घेतलेली कर्जं फलकावर लागतील. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती सभेत मराठी, गुजराती आणि वारलीत वाचूनही दाखवली जातील. हिशेब तपासणारा बाहेरचा असेल आणि त्याचा अहवाल सभासदांसमोर वाचल्याशिवाय 'मंजूर' म्हणायचं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्याने नुसतं प्रामाणिक असून भागत नाही, हिशेबही उघडा ठेवावा लागतो. उघडा हिशेब सरळ माणसाला आळापासून वाचवतो आणि चुकणाऱ्याला वेळीच सावरतो. आणि हिशेब मागणं हा अविश्वास नव्हे. ते प्रत्येक सभासदाचं कर्तव्य आहे.