आपल्यापुरती शुद्ध हवा

‘तुमच्यासाठी चांगलं, पृथ्वीसाठीही चांगलं.’ हे वाक्य हल्ली कुठेही भेटतं. नाचणीच्या बिस्किटांच्या पुड्यावर, बांबूच्या टूथब्रशवर, सायकलच्या जाहिरातीत, अगदी योगशिबिराच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्येसुद्धा. वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा ते खरंच असतं. कोपऱ्यावरच्या दुकानात गाडी न काढता चालत गेलं, तर हृदयाला बरं आणि तेवढं पेट्रोलही वाचतं. ताटात डाळ-उसळ जास्त आणि मटण कमी असलं, तर डॉक्टर खूश आणि जमीन-पाणीही कमी लागतं. लिफ्टऐवजी जिना, कोल्ड्रिंकऐवजी ताक. यादी लांबवता येईल.

तरी हे वाक्य वाचलं की मला थोडं खटकतं. त्यात कुणालाच काही सोडावं लागत नाही. माझं वजन कमी होणार, त्वचा सुधारणार, वर पृथ्वीही वाचणार. चांगलं वागणं इतकं स्वस्तात पडत असेल, तर मग जग एवढं बिघडलं कसं? आणि ज्यात माझाच फायदा आहे, त्याला चांगुलपणा म्हणायचं का?

हा प्रश्न जुना आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने 1785 साली एका दुकानदाराचं उदाहरण दिलं होतं. हा दुकानदार लहान मुलालाही फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव लावतो. पण का? गिऱ्हाईक टिकावं म्हणून. कांटचं म्हणणं असं की त्याचं वागणं योग्य आहे, पण त्याला नैतिक मोल नाही, कारण तो प्रामाणिकपणासाठी प्रामाणिक नाही, धंद्यासाठी आहे.

मी कांटएवढी कडक नाही. मला असा दुकानदार आपल्या गल्लीत हवाच आहे. पण त्याची परीक्षा कधी होणार हे मला कळतं. ज्या दिवशी फसवण्यात फायदा असेल आणि पकडलं जाण्याची भीती नसेल, त्या दिवशी. म्हणजे फायदा आणि भलेपणा एकाच रस्त्याने जातात तोवर काहीच ठरवावं लागत नाही. रस्ता फुटतो तिथे ठरवावं लागतं. निरोगी आणि पर्यावरणपूरक जगण्याबद्दल बोलायचं तर त्या पुड्यावरच्या वाक्यापाशी थांबून चालणार नाही. रस्ता कुठे फुटतो ते बघावं लागेल.

मी पुण्यात राहते, म्हणून इथलीच दोन उदाहरणं घेते.

पहिलं चालण्याचं. मी ऑफिसला चालत जाते, पंचवीस मिनिटं लागतात. माझ्या चालण्याने धूर होत नाही. पण चालताना श्वास जोरात चालतो, आणि त्या श्वासात शेजारून जाणाऱ्या गाड्यांचा धूर असतो. काचा वर करून एसीत बसलेला माणूस धूर करतो आणि तो मी पिते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 या बारीक धूलिकणांची वार्षिक मर्यादा एक घनमीटर हवेत 5 मायक्रोग्रॅम अशी सुचवली. आपल्या देशाचं मानक 40 आहे. म्हणजे कायद्याने ‘ठीक’ असलेली हवासुद्धा त्या शिफारशीच्या आठपट खराब असू शकते. संशोधकांनी हिशोब मांडले आहेत, आणि जगातल्या बहुतेक शहरांत चालण्या-सायकलचा फायदा प्रदूषणाच्या तोट्याहून जास्तच भरतो. तेव्हा मी चालणार आहे. पण पृथ्वीसाठी चांगलं ते माझ्यासाठी चांगलंच, हे समीकरण इथे तितकं सरळ राहत नाही. आणि एक गोष्ट सकाळी फुटपाथवर रोज दिसते. माझ्यासारखी निवडून चालणारी एखादीच असते. बाकीच्या बायका धुणं-भांड्याच्या कामाला निघालेल्या असतात. त्यांच्या चालण्याला कुणी लाइफस्टाइल म्हणत नाही.

दुसरं उदाहरण पाण्याचं. इथे रस्ता उलट बाजूला फुटतो. आमच्या सोसायटीत जवळजवळ प्रत्येक घरात आरओ आहे. खडकवासल्याचं पाणी मुळात कमी क्षारांचं. ते जलकेंद्रात शुद्ध होऊन घरी येतं. आरओ यंत्राचं मुख्य काम क्षार काढणं. ते एक लिटर पाणी देतं तेव्हा साधारण दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये सांगितलं होतं, की पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी आणा. जिथे बोअरचं मचूळ पाणी प्यावं लागतं तिथली गोष्ट वेगळी. पण धरणाचं पाणी पिणाऱ्या आमच्या घरांत ही यंत्रं का आहेत? कारण नळावर विश्वास नाही. पाइप कुठे फुटला असेल, टाकी कधी धुतली असेल, कोण जाणे.

हा अविश्वास खोटा नाही. पण त्याचं पुढे काय होतं ते बघा. ज्या घरात यंत्र बसलं, त्या घराला नळाच्या पाण्याची काळजी उरत नाही. पाणी गढूळ आलं तरी ‘आपल्याकडे आरओ आहे’ म्हणून तक्रारीचा फोन होत नाही. ज्याचा फोन पालिकेत उचलला जातो, तोच फोन करायचा थांबतो. उरतात ते यंत्र न परवडणारे, ज्यांचं कुणी ऐकत नाही. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने 1970 साली एका पुस्तकात याचीच मांडणी केली. एखादी व्यवस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, बाहेर पडणं किंवा आवाज उठवणं. ज्यांना गुणवत्तेची सगळ्यात जास्त चाड असते तेच आधी बाहेर पडले, तर आत आवाज उठवणारं कुणी राहत नाही, आणि व्यवस्था आणखी बिघडते.

याचा उलटा दाखला लंडनमध्ये मिळतो. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी घाण वासली की त्या प्रकाराला इतिहासात ‘ग्रेट स्टिंक’ हे नावच पडलं. शहराचं सगळं सांडपाणी नदीत जात होतं, आणि हे काही त्याच वर्षी सुरू झालेलं नव्हतं. कॉलऱ्याने त्याआधी हजारो माणसं मेली होती, तरी निर्णय रेंगाळत होता. पण पार्लमेंटची इमारत नदीकाठी. खासदारांनी खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले. तो त्या काळचा एअर प्युरिफायर म्हणायचा. तो चालला नाही. नाकाला रुमाल लावून बसायची वेळ आली, तेव्हा काही आठवड्यांत कायदा मंजूर झाला, पैसा उपलब्ध झाला आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने शहराखाली गटारांचं जाळं बांधलं. लंडनकरांचं आयुष्य वाढलं त्यात कुणाच्या वैयक्तिक शिस्तीपेक्षा या गटारांचा वाटा मोठा होता.

मला नेहमी वाटतं, ते पडदे नीट काम करते तर? खासदारांना वास आला नसता. कायदा आणखी दहा वर्षं पडून राहिला असता.

आपल्याकडचे पडदे आता नीट काम करतात. फिल्टर, प्युरिफायर, एसी, गेटच्या आतला जॉगिंग ट्रॅक. म्हणून माझ्या सवयींना मी ‘हे निरोगी आहे का’ आणि ‘हे पर्यावरणपूरक आहे का’ या दोन प्रश्नांच्या जोडीने एक तिसराही प्रश्न विचारते. ही सवय मला सगळ्यांच्या हवा-पाण्यात ठेवते, की त्यातून बाहेर काढते? चालणं मला आत ठेवतं. फुटलेला फुटपाथ, पेटवलेला कचरा, बंद पडलेला दिवा हे सगळं माझं होतं. गेटच्या आतल्या ट्रॅकवर तेवढीच पावलं पडली तर माझं हृदय तेवढंच सुधारेल, पण फुटपाथ माझा राहणार नाही.

इथे कुणी म्हणेल, आजारी माणसाने काय करायचं? प्रश्न रास्त आहे, आणि आमच्या घरात तो रोजचा आहे. बाबांना दमा आहे. त्यांच्या खोलीत एअर प्युरिफायर आहे, तो मीच आणला, आणि त्याबद्दल मला जराही अपराधी वाटत नाही. ज्याचा श्वास अडकतो त्याला ‘सगळ्यांबरोबर भोग’ म्हणणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. पर्यावरणाच्या नावाखाली तो करायची गरज नाही.

पण मागच्या हिवाळ्यात काय झालं ते सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला रोज पहाटे पाला जाळायचे. प्युरिफायर आल्यावर बाबांचा खोकला कमी झाला आणि आम्ही सगळे निवांत झालो, बाबा सोडून. ते म्हणाले, “मी खोलीत बसतो. ती झाडणारी बाई कुठे बसते?” मग ते स्वतः जाऊन तिच्याशी बोलले. बाईंचं म्हणणं साधं होतं. पाला न्यायला गाडी वेळेवर येत नाही, ढीग राहिला तर मुकादम ओरडतो, जाळला तर संपतो. धुराने तिचे डोळे रोज चुरचुरत होते. बाबांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. दोन मीटिंगा वाद झाला. डास होतील, उंदीर येतील, रस्त्यावरचा पाला आपण का घ्यायचा, सगळं झालं. शेवटी पार्किंगमागच्या कोपऱ्यात जाळीचे दोन पिंजरे उभे राहिले, आणि पाला तिथे कुजायला जाऊ लागला. आता त्याचं खत कुंड्यांना मिळतं. शहराची हवा याने सुधारली असं मी म्हणणार नाही. एका गल्लीतला एक धूर बंद झाला, एवढंच.

यंत्र घेणं वाईट नाही. यंत्र आल्यावर आपण गप्प बसतो का, हे महत्त्वाचं. बाबांना कमी धूर लागत होता तेव्हाच ते धुराबद्दल बोलले. कांटचा दुकानदार मला इथे आठवतो. बाबांचा स्वतःचा फायदा प्युरिफायरपाशी संपला होता. पुढचं त्यांनी फायद्याशिवाय केलं.

आता ताटाकडे येते, कारण हल्ली निरोगी जगण्याची सगळी चर्चा तिथेच होते. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून ज्वारीला फारच भाव आलाय, निदान मॉलमध्ये. माझ्या आजीच्या पिढीत गव्हाची पोळी सणाची आणि भाकरी रोजची होती. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो खाल्लेल्या माणसांना ज्वारी ‘सुपरफूड’ झाल्याचं सांगितलं की ती हसतात.

माझा मामा मंगळवेढ्याकडे शेती करतो. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. पावसाळ्याच्या शेवटी पेरलेली रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. तिला उसासारखं वर्षभर पाणी द्यावं लागत नाही. माणसाला दाणे, जनावराला कडबा. पोटाला चांगली, जमिनीला चांगली. पुड्यावरचं वाक्य इथे तंतोतंत लागू पडतं.

तरीही मामाने या वर्षी ज्वारीचं रान कमी केलं. मी कारण विचारलं. तो म्हणाला, “खायला समद्यांना पायजे. काढायला कोण येतंय?” ज्वारी हाताने उपटावी लागते, वाकून, दिवसभर, पानं अंगाला कापत असताना. मग पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी आणि बाजारभाव यांचा मेळ बसत नाही. उसाला निदान कारखाना आहे, टोळी येते, बिल कधी ना कधी जमा होतं. म्हणून ज्याला जास्त पाणी लागतं तेच पीक शेतकऱ्याला जास्त भरवशाचं वाटतं. आणि शेतातून दाणे आले तरी भाकरी आपोआप होत नाही. ती कुणीतरी थापते. ‘आम्ही आता भाकरीच खातो’ असं अभिमानाने सांगणाऱ्या किती घरांत ती सांगणाराच थापतो?

इथेही माझा तिसरा प्रश्न कामाला येतो. शंभर ग्रॅमचा ज्वारीच्या पफचा चकचकीत पुडा मला निरोगी ठेवेल, पण त्या रानाशी माझा संबंध जोडणार नाही. ज्वारी उपटणाऱ्या बाईला किती मिळाले, हे मला त्यावरून कळणार नाही, आणि कळलं नाही म्हणून टोचणारही नाही.

आम्ही चार मैत्रिणींनी यंदा मामाशी बोलून एक ठरवलं आहे. वर्षाची ज्वारी त्याच्याकडून घ्यायची, भाव पेरणीच्या आधी ठरवायचा, आणि तो ठरवताना काढणीची मजुरी धरायची. बाजारात पडेल भावाने मिळाली तरी ठरलेलाच भाव द्यायचा. हिशोब केला तेव्हा दर घरामागे महिन्याला दीड-दोनशे रुपये जास्त पडतील असं दिसलं. एकीने विचारलं, “यात आपल्याला काय जास्त मिळणार?” ज्वारी तीच, भाकरी तीच, फायबरही तेवढंच.

जास्त काही मिळणार नाही, असं मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, माझं नाव लिही. मामा म्हणतो, तुमच्या भरवशावर दोन एकर पेरतो. भाकरी थापायला मी अजून शिकतेय. माझी भाकरी अजून कडेला चिरते, पण बाबा खातात.