मागच्याची चाल

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. बहुतेक वर्षी आपल्या पालख्याही त्याच सुमारास वाटेवर असतात. आपण पंढरीच्या वाटेला, आणि तिकडे यवतमाळच्या खेड्यांतून पोरं शाळेच्या वाटेला. आपली वाट हजारोंच्या सोबतीची. पोरांची मात्र पुष्कळदा एकट्याची. तेव्हा वारकरी मंडळी, सोबतीने चालण्याचा जो धर्म आपण वारीत पाळतो, तो पोरांच्या वाटेवर का पाळू नये?

सरकारने आपल्या परीने केले आहे. मानव विकास कार्यक्रमातून २०११ पासून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्या. आपला यवतमाळ जिल्हा त्यात आहे. बिहारने हेच २००६ साली केले. अभ्यासकांनी मोजून पाहिले तेव्हा माध्यमिक शाळेत नाव असणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेने सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. सायकलीचा गुण एवढा मोठा. पण सायकल वेग देते, सोबत देत नाही. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याकडे वाघिणीची धास्ती होती, तेव्हा मोठी माणसंसुद्धा शेतात एकटी जाईनात. मग लेकराचे काय घेऊन बसलात!

स्पेन देशात बार्सिलोना शहरी २०२१ पासून पालक मुलांच्या सायकलींची रांग काढतात. वाट ठरलेली, वेळ ठरलेली. चौकाचौकात मुलं येऊन मिळतात. त्यांनी तिला सायकलींची बस म्हटले. आपण पाहिली असती तर दिंडीच म्हटले असते.

आता पूर्वपक्ष ऐका. एखादा बाप म्हणेल, "माझ्या पोराची सायकल धड आहे. दुसऱ्याच्या पंक्चरपायी त्यानं पहिला तास का बुडवावा?" हा प्रश्न खोटा नाही. एकाच्या अडचणीचा भार दुसऱ्याने, तोही लेकराने, का वाहावा?

मी बरीच वर्षे मास्तरकी केली. या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले. पावसाळ्यात पाच मुली अर्धा तास उशिरा आल्या, मी त्यांना वर्गाबाहेर उभे केले. आमच्याकडची काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी बसते की सायकल ढकलतासुद्धा येत नाही; काडीने उकरीत बसावे लागते. एकीच्या चाकात ती बसली होती. "मग तुम्ही चौघी का नाही आलात?" असे मी दरडावले. त्यांतली एक म्हणाली, "सर, मंग ते एकलीच राह्यली असती नं." मी शिक्षा केली ती उशिराला की चांगुलपणाला? अजून ते सलते.

पण एवढ्याने पूर्वपक्ष संपत नाही. चौघींचा तास बुडाला तो बुडालाच. त्यागाचे कौतुक करून मोकळे होणे सोपे. तो त्याग पोरांचा असला तर लाजिरवाणेही. इथे आपलीच रीत आठवावी. मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड उंच करतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, ऐकतात, मगच आरती. एका दिंडीसाठी सगळा सोहळा खोळंबतो खरा, पण निवाडा थोरांनी करायचा असतो. शेजारच्या टाळकऱ्यावर तो कुणी ढकलीत नाही.

तसेच इथे. रांगेच्या शेवटी एक मोठे माणूस हवे, त्याच्यापाशी पंप आणि पंक्चरचे सामान. निघायची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे. चाल मागच्याची, पुढच्याची नव्हे. सातवीतल्या पोरीला सायकल मिळालेली नसते. तिला कॅरिअरवर कोण घेणार ते आदल्या दिवशीच ठरावे. आणि शाळेने या रांगेचा उशीर हजेरीत धरू नये. "माझं पोर आता शाळेत नाही" असे म्हणणाऱ्याला एवढेच विचारतो: वारीत तहानेल्याला पाणी देताना आपण त्याचे गाव विचारतो का?

आपण काकड्याला उठणारी माणसं. सकाळी शाळेच्या वेळेला मागे राहायला कोण मोकळे आहे, हे गावोगावच्या भजनी मंडळांनी एकादशीच्या रात्री विचारून पाहावे. आमच्या मंडळात दोघांनी होकार दिला आहे. त्यांतल्या एकाची सायकल सध्या दुरुस्तीला टाकली आहे.